हिरवी खूण केलेली पौर्णिमा

गोदीवर तिला सगळे भरतीबाई म्हणायचे. कार्यालयातल्या हजेरीपटावर तिचं जे नाव होतं ते पगाराच्या दिवशीसुद्धा कुणी उच्चारत नसे. बंदराच्या इमारतीत जिन्याखाली एक निमुळती खोली होती. तिथे बसून ती एकोणीस वर्षं एकच काम करत आली होती: पुढल्या महिन्यात समुद्राचं पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती उंच चढणार, ते आधी काढून ठेवायचं. टेबल, पत्र्याचं कपाट, गोदीकडे उघडणारी एक खिडकी आणि कोपऱ्यात पाणी मोजायचं यंत्र, एवढाच तिचा संसार. इमारतीखाली एक विहीर होती, तिच्यात समुद्राचं पाणी खेळायचं. त्यावर तरंगणारा डबा वरखाली झाला की कोपऱ्यातल्या फिरत्या कागदावर शाईची रेघ वरखाली व्हायची. भरतीबाई सकाळी आली की आधी ती रेघ बघायची आणि मग आपण काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहायची. दोन्ही जुळले की स्वतःशीच मान हलवून चहा मागवायची.

त्या वर्षी जुन्या गोदीची दुरुस्ती निघाली होती. गोदी म्हणजे अख्खं जहाज मावेल असा तीन मजले खोल दगडी खड्डा. तोंडावरचे दरवाजे कुजले म्हणून काढून टाकले होते आणि त्या जागी वाळूच्या पोत्यांचा आणि मातीचा तात्पुरता बांध घातला होता. आत कोरड्या तळावर माणसं काम करायची, बांधाच्या पलीकडे समुद्र. एरवीची भरती बांधाच्या माथ्यापासून चांगली खालीच थांबायची. पण महिन्यातून काही दिवस असे यायचे की पाणी थेट माथ्याला भिडायचं. बांध आणखी उंच करावा तर खालची माती त्याचा भार पेलेना. म्हणून ठरलं ते असं: दर शनिवारी भरतीबाईनं पुढच्या आठवड्याची चिठ्ठी द्यायची. प्रत्येक दिवसापुढे पाण्याची उंची आणि एक ठिपका. हिरवा ठिपका असला तर माणसं दिवसभर खाली राहिली तरी चालेल. लाल असला तर भरतीच्या वेळी तळावर चिटपाखरू नको.

चिठ्ठी घ्यायला मुकादम स्वतः यायचा. तो तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आडव्या अंगाचा, मोठ्यानं हसणारा, आणि कामाच्या बाबतीत महा संशयी. शिडीची प्रत्येक पायरी रोज सकाळी स्वतः दाबून बघायचा. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय एकाही माणसाला खाली उतरू देत नसे; ती वाचून आपल्याच खिशात ठेवायचा, बाकीचे त्याच्या शब्दावर चालायचे. "माझा देवावर थोडा कमी आणि ताईंच्या ठिपक्यांवर थोडा जास्त विश्वास आहे," असं तो चारचौघांत म्हणायचा.

रविवारी भरतीबाई बहिणीकडे जेवायला जायची. स्वतःचं कुणी नव्हतं. बहीण, मुकादम आणि त्यांची आठ वर्षांची चिमी, हेच तिचं घर. जेवणं झाली की मुकादम पाय पसरून बसायचा आणि तिला छेडायचा.

"ताई, एक सांगा. चंद्र पाणी ओढतो म्हणता. मग पाणी चंद्राच्या बाजूलाच फुगायला हवं. दिवसातून एकदा. दोनदा कसं काय फुगतं?"

"कारण तो पृथ्वीलाही ओढतो," भरतीबाई म्हणायची. असल्या प्रश्नांनी तिचा चेहरा खुलायचा. "जवळच्या पाण्याला सगळ्यात जास्त, पृथ्वीला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. जवळचं पाणी पुढे जातं आणि पलीकडचं मागे राहतं. म्हणून दोन्हीकडे फुगवटा. आपण गरगर फिरतो ते त्या दोन्ही फुगवट्यांतून."

"म्हणजे पलीकडचं पाणी आमच्या हिच्यासारखं. सगळे निघाले तरी ही अजून चप्पल शोधतेय."

"आणि तुम्ही चंद्र वाटतं!" धाकटी आतून ओरडायची. "पोट तेवढं गोल आहे खरं."

चिमी खिदळायची. मग तिचा प्रश्न यायचा. "मावशी, सूर्य एवढा मोठा, तो नाही का ओढत?"

"ओढतो ना. पण तो लांब आहे फार, म्हणून पाणी फुगवायच्या कामी त्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून कमी पडते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात आणि मिळून ओढतात. तेव्हा मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात, तेव्हा लहान."

"मग सध्या अमावास्येला लाल ठिपका आणि पौर्णिमेला हिरवा, असं का?" मुकादमाचं लक्ष बारीक होतं. "दोन्ही मोठ्याच ना?"

"कारण चंद्राची वाट अगदी गोल नाही. महिन्यातून एकदा तो जवळ येतो, एकदा लांब जातो. जवळ असतो तेव्हा साडेतीन लाख किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, लांब असतो तेव्हा चार लाखांच्या वर. अंतरात एवढासा फरक, पण ओढीत केवढातरी. सध्या तो अमावास्येच्या सुमाराला जवळ असतो, म्हणून अमावास्या लाल. पण हे कायमचं नव्हे हं. त्याचा जवळ यायचा दिवस दर महिन्याला साधारण दोन दिवसांनी मागे सरकतो. सात महिने गेले की बरोबर उलट. अमावास्या गरीब, पौर्णिमा दांडगी."

"तेव्हा सांगा म्हणजे झालं," मुकादम म्हणाला होता.

हे बोलणं झालं तेव्हा दुरुस्तीचा पहिलाच महिना होता.

चंद्राचं रोजचं अंतर एका जाड निळ्या पुस्तकात छापलेलं असायचं. पहिले दोन-तीन महिने भरतीबाई ते पुस्तक उघडून एकेका दिवसाचं अंतर घ्यायची आणि उंची काढायची. प्रत्येक वेळी तेच यायचं: अमावास्या लाल, पौर्णिमा हिरवी. मग एका शनिवारी घाई होती, तिनं पुस्तक न उघडताच मागच्या महिन्याच्या चिठ्ठीवरून नवी उतरवली. यंत्राची रेघ आणि चिठ्ठीतले आकडे थोडे वेगळे आले, पण वारा असला की तेवढा फरक पडतोच. पुढच्या महिन्यातही तसंच झालं. ती आजारी नव्हती, घरात काही अडचण नव्हती, वरून कुणी दडपण आणलं नव्हतं. नंतर तिनं स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं, आणि एकही कारण सापडलं नाही. हाताला वळण पडलं होतं, एवढंच. दर पंधरवड्याला फरक थोडा थोडा वाढत होता आणि ती दर वेळी वाऱ्याच्या माथी मारून मोकळी होत होती. सहाव्या आणि सातव्या महिन्याच्या मधल्या पौर्णिमेपुढे तिनं उंची लिहिली, बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली, आणि शेजारी हिरवा ठिपका दिला.

मुकादमानं चिठ्ठी घेतली. "ताई, ते उलट व्हायचं होतं ना कधीतरी?" त्यानं दारातून विचारलं.

"होईल तेव्हा लाल दिसेलच तुम्हाला," ती मान वर न करता म्हणाली.

त्या पौर्णिमेला भरती दुपारी एकच्या सुमारास होती. ठिपका हिरवा, म्हणून माणसं जेवायला वर आली नाहीत. तीन मजल्यांची शिडी चढा आणि पुन्हा उतरा, त्यापेक्षा तळावरच सावलीला बसून डबे उघडलेले बरे. एकूण नऊ जण खाली होते. त्यांतले दोघे तळाखालच्या पाणी सोडायच्या भुयारात गाळ काढत होते. हातातलं संपवून मग जेवू म्हणाले.

साडेबाराला भरतीबाईनं हात धुतले आणि सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं. शाईची रेघ कागदाच्या वरच्या कडेला टेकत आली होती. भरती व्हायला अजून अर्धा तास होता. तिला वाटलं रेघ काढणारा टाक अडकला. तिनं तो बोटानं हलवला, तो पुन्हा तिथेच येऊन बसला आणि हळूहळू वर सरकत राहिला. मग तिनं कपाटातून निळं पुस्तक काढलं. त्या दिवसाचं पान उघडलं. तीन लाख सत्तावन्न हजार. वर्षातलं जवळजवळ सगळ्यात कमी अंतर.

पुस्तक तिथेच टाकून ती धावली. पायातली चप्पल जिन्यातच राहिली. पन्नाशीची, कधी रस्ताही घाईनं न ओलांडणारी बाई भर दुपारी अनवाणी पळतेय हे बघून हमाल थांबून बघू लागले. "वर या! सगळ्यांना वर घ्या!" ती ओरडत होती, पण गोदीवर यंत्रांचा आवाज होता आणि तिचा आवाज कधीच मोठा नव्हता.

ती काठावर पोचली तेव्हा पाणी बांधाच्या माथ्यावरून पातळ चादरीसारखं आत उतरायला लागलं होतं. क्रेनवाल्यानं ते पाहिलं होतं. तो भोंगा वाजवत होता आणि माणसं उचलायचा पाळणा खाली सोडत होता. माणसं शिडीकडे धावली. मुकादम शिडीपाशी उभा राहून एकेकाला ढकलत वर चढवत होता. पाच जण चढले. सहावा चढत होता. मुकादमानं माणसं मोजली, मागे वळून पाहिलं आणि भुयाराच्या तोंडाकडे धावत गेला. आतल्या दोघांना भोंगा ऐकू गेला नव्हता. मग बांधाची मधली पोती एकदम बसली आणि समुद्र आत आला.

शिडी मुळासकट उखडली. सहावा तिच्यावर होता. मुकादम, भुयारातले दोघे आणि तो, चार माणसं गेली. भुयारातल्या दोघांना बाहेर काढायला तीन दिवस लागले.

त्या रात्रीपासून भरतीबाई बहिणीच्या घरी राहायला गेली. कुणी सांगायची गरजच नव्हती; मोठी बहीण जाणारच. तिनं स्वयंपाक केला, चिमीची वेणी घातली, आल्यागेल्याला पाणी दिलं, धाकटीला दोन घास भरवले. लोक तिच्याकडे आदरानं बघत होते. "ही अनवाणी धावत आली होती," क्रेनवाला ज्याला त्याला सांगायचा. "हिच्या लक्षात आलं होतं. पाच मिनिटं आधी आली असती तर सगळे वाचले असते." ते ऐकलं की ती हातातलं भांडं घेऊन आत निघून जायची आणि लोकांना वाटायचं, बिचारीचं दुःख.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. बंदराचे मुख्य अधिकारी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बोलायला गोड.

"बाई, चौकशी बसतेय. त्या आठवड्याची चिठ्ठी कुठे आहे?"

"मुकादमांच्या खिशात होती."

"म्हणजे गेली. आणि आपली स्थळप्रत?"

"शोधावी लागेल."

साहेबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "शोधा," ते म्हणाले. "पण सापडलीच पाहिजे असं काही नाही. कागद गहाळ होतात. मला विचाराल तर मुकादमानं ठिपका नीट पाहिला नसावा. बांधाची मधली पोतीही खचलेली होती म्हणतात. गेलेल्या माणसाचं आणखी काय वाईट होणार आहे?"

स्थळप्रत कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. टेबलाच्या डाव्या खणात, वरून दुसरी. ती खोलीत गेली, खण उघडला, हिरव्या ठिपक्याकडे बघितलं आणि खण लावून टाकला.

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. मुकादमानं लाल दिवशी माणसं खाली ठेवली; जेवायच्या सुट्टीचा वेळ वाचवायला ठेवली; पोरं त्याच्यापायी गेली. नवव्या दिवशी शिडीवरून गेलेल्या माणसाची म्हातारी आई धाकटीच्या दारात आली. आत यायला तयार होईना. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती थंड आवाजात म्हणाली, "तुझा नवरा गेला, वाईट झालं. पण माझ्या पोराला बरोबर का नेलं त्यानं? लाल दिवशी?"

धाकटी नऊ दिवसांत पहिल्यांदा ताठ उभी राहिली. "आजी, लाल दिवशी तो खाली मांजर उतरू द्यायचा नाही. कुणालाही विचारा." आणि ती वळली. "ताई, तू सांग ना यांना. चिठ्ठी तूच दिलीस. काय होतं त्या दिवशी? लाल की हिरवं?"

भरतीबाई ओट्यापाशी उभी होती. चिमी तिच्या पदराला धरून होती. म्हातारी बघत होती, धाकटी बघत होती.

"आठवत नाही गं," ती म्हणाली. "बघून सांगते."

म्हातारी निघून गेली. धाकटीनं दार लावलं. आपण काय बोलून गेलो ते भरतीबाईला बोलल्यानंतर कळलं. चुकीचा आकडा हातून गेला तेव्हा ती निष्काळजी होती. आता मात्र तिनं बघून, समजून, तिघींच्या देखत मुकादमाला दुसऱ्यांदा बुडवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत ती न बोलावता गेली. लांबलचक टेबल, मागे बाहेरून आलेला चौकशी अधिकारी, शेजारी साहेब, एक टंकलेखक. तिनं टेबलावर स्थळप्रत ठेवली आणि तिच्याशेजारी निळं पुस्तक त्या पानावर उघडून ठेवलं.

"हे काय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझी चिठ्ठी. त्या दिवसापुढे हिरवा ठिपका आहे. तो लाल हवा होता. चंद्र त्या दिवशी सगळ्यात जवळ होता. मी तो लांब धरला."

"कसा काय?"

"पुस्तक उघडलं नाही. मागच्या महिन्यांवरून उतरवत गेले."

साहेब खोकले. "बाई दुःखात आहेत. त्यांचे मेहुणेच..."

"मी शुद्धीवर आहे साहेब."

अधिकाऱ्यानं पान आपल्याकडे ओढलं. "अमावास्या आणि पौर्णिमेची ही अदलाबदल होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. मीच लोकांना समजावून सांगायचे. मुकादमांनासुद्धा सांगितलं होतं. त्यांनी त्या शनिवारी विचारलंही होतं मला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

तिनं ते सांगितलं. टंकलेखकानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग तेही टंकित केलं.

"हे दहा दिवस का लागले सांगायला?"

तिनं स्थळप्रत त्याच्याकडे सरकवली. अधिकाऱ्यानं ती फायलीत लावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

तिथून ती सरळ बहिणीकडे गेली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत आपणच सांगायचं, एवढं तरी. धाकटी कपडे घड्या करत बसली होती. भरतीबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पुस्तक, ठिपका, साहेब, डावा खण. धाकटी घड्या करत राहिली. मुकादमाचा सदरा हातात आला तेव्हा तिचे हात थांबले.

"चुकलीस," ती म्हणाली. "माणूस चुकतो. ते मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण दहा दिवस, ताई? दहा दिवस तू माझ्या चुलीवर स्वयंपाक केलास. मला घास भरवलेस. लोक त्याला शिव्या घालत होते आणि तू इथं बसून पोरीची वेणी घालत होतीस."

"धाकटे..."

"जा तू. चिमी शाळेतून यायच्या आत जा."

ती गेली.

अहवाल आला. मुकादमावरचा ठपका पुसला गेला. दोन माणसांसाठी तो मागे फिरला हेही त्यात लिहिलं होतं. भरतीबाईला नोकरीवरून काढलं. साहेबांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. शिडीवरून गेलेल्या माणसाची आई धाकटीच्या घरी जाऊन तिचा हात हातात घेऊन बसली, असं भरतीबाईला क्रेनवाल्याकडून कळलं. तेवढं सांगून तोही थांबला नाही. पूर्वीसारखं दोन शब्द बोलायची त्यालाही इच्छा उरली नव्हती. दुरुस्ती सोडून देण्यात आली. गोदीत पाणी तसंच राहिलं, शेवाळ धरत.

भरतीबाई आपल्या खोलीत एकटी राहिली. शिवणकामाच्या कारखान्यात तिला काजं करायचं काम मिळालं. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि ते तिला बरं वाटायचं.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी दारावर थाप पडली. धाकटी होती. अंगानं निम्मी झालेली. ती आत आली, पण बसली नाही.

"आम्ही हे गाव सोडतोय. चिमीला घेऊन लांब चाललेय. जायच्या आधी एक विचारायचंय. दुसरं कुणी नीट सांगत नाही. सगळे म्हणतात, 'लगेच झालं, त्याला काही कळलंसुद्धा नाही.' तुला गणित येतं. तू काढलं असशील. बांध फुटल्यापासून त्याला किती वेळ मिळाला?"

भरतीबाईनं ते काढलं होतं. बांधाचं भगदाड, पाण्याचा वेग, गोदीची लांबीरुंदी, भुयाराच्या तोंडावरच्या दगडी कठड्याची उंची. क्रेनवाल्यानं मुकादमाला कठड्यावर चढलेलं पाहिलं होतं, खांद्यापर्यंत पाण्यात, एका हातानं कुणालातरी धरून. पाळणा तिथवर पोचत नव्हता. काजं करताना, झोपताना, उठताना तिनं ते गणित इतक्या वेळा केलं होतं की आकडा तोंडात तयार होता. आणि "लगेच" हा शब्दही तिथेच तयार होता. तो म्हणणं किती सोपं होतं. दयेचंही ठरलं असतं.

"खरं सांग," धाकटी म्हणाली. "या वेळी तरी."

"चौदा मिनिटं," भरतीबाई म्हणाली. "कमीत कमी."

धाकटीनं भिंतीला हात टेकला.   भरतीबाईनं खुर्ची पुढे केली, तिनं नको म्हणून मान हलवली.

"त्याला कळत होतं म्हणजे," धाकटी अखेर म्हणाली.

"हो."

"बरं."

तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि ती जिना उतरून गेली. भरतीबाई दारात उभी राहून पावलं ऐकत राहिली. दुसरा मजला, पहिला मजला, मग खालचं दार. कारखान्याची वेळ झाली होती. तिनं केस बांधले आणि ती कामावर गेली.